वसमतचं सॉफ्टवेअर

"पुण्याहून मागवलंय," लोहियाशेठ मोंढ्यात सांगत फिरले.
मी काही बोललो नाही.
पुणं म्हणजे गोदामाच्या माळ्यावरची तिसरी खुर्ची,
एप्रिलच्या बारा रात्री
आणि हळदीच्या धुळीनं जड झालेला एक पंखा.

होती ती साधी एक्सेलची फाइल.
पण चौकटी दिसल्या की गफ्फारमामांचा हात
काट्याच्या कठड्यावरून उठायचाच नाही.
"हे जाळं कशाला मांडलंस बा," म्हणायचे,
"माशा धरायच्यात काय?"
तीस वर्षं वजनाला बसलेला माणूस,
पोतं फरशीवर आदळल्याच्या आवाजावरनं
कांडी का गोळा ते सांगणारा,
माउसला मात्र असा हात लावायचा
जसा तापल्या तव्याला.

म्हणून मी लपवायला बसलो.
आधी रेघा गेल्या.
मग वरची ए, बी, सी, डावीकडचे आकडे,
मेनूचा पट्टा, सूत्रांची पट्टी,
खाली लोंबणारी पत्रकांची शेपटं.
सगळ्यात शेवटी वरच्या कडेवरचं कंपनीचं नाव पुसलं
आणि लिहिलं: हळद-काटा, आवृत्ती एक.
दुसरी निघणारच होती जणू!

हिशेबाचं पत्रक असं दडवलं
की उजव्या क्लिकलाही पत्ता लागू नये.
समोर पिवळी जमीन आणि तीन बटणं:
वजन घ्या. पावती काढा. घरी जा.
तिसऱ्यावर मामा हसले. कॉम्प्युटरकडं बघून, पहिल्यांदा.

आणि फाइल बंद होताना सगळं परत जागेवर,
रेघा, अक्षरं, पट्टे, कुलपं,
दुसऱ्याच्या चुलीवर रांधावं
आणि ओटा पुसून निघावं तसं.
हे कुणालाच दिसायचं नाही.
मला त्याचाच जास्त अभिमान.

दोन हंगाम चाललं.
मग मे महिन्यात मी नांदेडला, बहिणीच्या परीक्षेला सोबत,
आणि इकडं शेठनी नवा कॉम्प्युटर बसवला.
त्यानं माझे मॅक्रो
अनोळखी म्हणून दारातच अडवले.
बटणं मेली. रेघांसकट सगळं उघडं,
आणि बाहेर रस्त्यापर्यंत टेम्पोंची रांग.

मामांनी फोन केला नाही.
परत आलो तर एकशे चौदा वजनं भरलेली,
एका बोटानं, एकेका चौकटीत,
एंटरचं बटण पिवळंधमक.
आणि माझे रकाने संपतात त्याच्याही उजवीकडं,
जिथं मी काहीच मांडलं नव्हतं,
रोमन अक्षरांत, मराठीत दखनी कालवून:

पोतं ओलं, दोन किलो पाणी आहे.
पावती भाऊ नेईल, भावालाच द्या.
काटा सकाळी हलका दाखवायला, दगड ठेवून बघितला.
बाई एकटी आलीय, लांबून, आधी सोडा.
नरहरी हमालाचा खांदा आज कामातून गेला.

आवृत्ती एकमध्ये ह्यातलं काही मावलं नसतं.
तिथं "ठीक आहे" आणि "रद्द करा", बस.

"मामा, जाळं ना हे?"
"कुठलं जाळं," ते म्हणाले, "वहीचं पान आहे की.
तूच झाकून ठेवलतंस,"
आणि चहाला निघून गेले.

त्या रात्री परत माळ्यावर.
मेनू लपवला, शेपटं लपवली, कुलूप घातलं.
रेघांपाशी आलो
आणि त्या तशाच राहू दिल्या, फिक्या,
हळदीच्या डागावर चुना लागण्याआधी असतो
तेवढ्या रंगाच्या.
उजवीकडं एक रकाना मोकळा सोडला, रुंद.
त्याला मथळा सुचेना. दिला नाही.

वरच्या कडेवर मात्र एकाचे दोन केले.

सकाळी मामांनी चष्मा पुसला, स्क्रीन पाहिली.
"नवीन आणलं काय?"
"पुण्याहून," मी म्हणालो.